उष्टा पेढा

आमच्या मंडळात कोणाला काही वाईट सांगायचं असलं की मला पुढे करतात. "संजीवनी, तूच सांग बाई, तुला जमतं." जमतं कसलं डोंबल! तोंड आहे म्हणून बोलते. माझ्या सासूबाई म्हणायच्या, हिच्या जिभेला हाड नाही आणि डोक्याला झाकण नाही. असेल. पण दीनानाथकाकांच्या बाबतीत मला कोणी पुढे केलं नाही, आणि तिथंच सगळं बिनसलं.

दीनानाथ ढेबे. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, अजून ताठ. सिंगापुरात हौगांगला एका जुन्या ब्लॉकमध्ये आठव्या मजल्यावर एकटे राहतात. मुलगी अदिती मेलबर्नला. ती दर रविवारी व्हिडिओ कॉल करते आणि काका त्याआधी दाढी करतात, एवढं मला माहीत आहे. बाकी आठवड्यात दाढी केली काय आणि नाही केली काय, बघतंय कोण?

काकांचा जन्म जावळीच्या डोंगरातल्या एका धनगरवाड्यावरचा. घरी म्हशी, थोड्या गाई, आणि दूध घाटाखाली न्यायला एक पायवाट. पावसात ती वाट बुजली की दूध घरातच राहायचं, मग त्याचा खवा. खवा टिकतो. त्या खव्याचे काकांची आई कंदी पेढे करायची, तांबूस, खरपूस भाजलेले. गोकुळाष्टमीला आणि दिवाळीच्या पाडव्याला, म्हणजे गवळ्यांच्या दोन मोठ्या सणांना, पहिला पेढा कृष्णाला. आमच्या घरचा कृष्ण चांदीच्या पाळण्यातला, टोपरं घातलेला. काकांचा कृष्ण गुरांमागे अनवाणी हिंडणारा. देवाबद्दल बोलताना काका "आमचं पोरगं" म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ह्यांना मुलगाही आहे की काय!

असा हा गवळ्याचा पोर मुंबईच्या गोदीत फिटर म्हणून लागला, तिथून जहाजावर चढला, परीक्षा देत देत इंजिनिअर झाला आणि निम्मं आयुष्य इंजिनरूमच्या उकाड्यात काढून शेवटी सिंगापूरच्या जहाज-दुरुस्तीच्या यार्डात स्थिरावला. मध्ये कधीतरी त्याने वाईच्या एका भिक्षुकाच्या मुलीशी लग्न केलं. त्या सुनेत्राकाकू. त्या लग्नानंतर वाईत कितीतरी वर्षं त्यांचं नाव कोणी घेत नव्हतं म्हणे. पण गंमत बघा, माहेर सोडलं, गाव सोडलं, देश सोडला, सोवळं काही त्या बाईनं सोडलं नाही! लिफ्ट फक्त सहाव्या मजल्यापर्यंत यायची त्या काळात दुधाच्या पिशव्या घेऊन दोन मजले चढायच्या, आंघोळ करायच्या आणि मग ओट्याला हात लावायच्या.

पेढे त्या सासूकडून शिकल्या. म्हणजे पेढा धनगरवाड्याचा आणि नियम वाईचे. मोठा नियम एकच: नैवेद्य चाखायचा नाही. बोट चाटायचं नाही, वाकून वासही घ्यायचा नाही. देवाच्या आधी आपण कोण?

त्यांच्याकडची गोकुळाष्टमी मी वीस वर्षं पाहिली. आधी तिथं बहुतेक जहाजावरच्यांच्या बायका असायच्या, नवरे कुठल्या कुठल्या समुद्रात. नंतर आम्ही पुण्या-मुंबईची आयटीवाली मंडळी त्यात मिसळलो. कॉरिडॉरभर चपला. शेजारचे चिनी आजोबा आपली सायकल निमूट बाजूला घ्यायचे आणि एक पेढा खिशात घालून जायचे. पाळणा, आरती, आणि मग काकूंचा पेढा. तो पेढा मी काय वर्णन करू! जिभेवर ठेवला की चावायचं राहूनच जायचं. सगळं विरघळून गेल्यावर मागून वेलदोडा यायचा.

काकू गेल्या कर्करोगानं. जायच्या आधी दोन-तीन महिने स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि नवऱ्याला पेढे शिकवायच्या. "अहो, चमचा काय घेताय, उलथणं घ्या. तळ सोडू नका. आच! आच!" मी एकदा होते तिथं. इंजिनरूममध्ये माणसांना घाम फोडणारा हा माणूस, बायकोपुढे कॉलेजच्या पोरासारखा घाबरून दूध आटवत होता.

काकू गेल्यावर आम्हाला वाटलं, संपली आता हौगांगची गोकुळाष्टमी. पण काकांनी फोन केले. सगळे गेलो. पाळण्याजवळ काकूंचा फोटो, आणि ताटात पेढे. पहिला पेढा तोंडात टाकून मंडळातला गुरुप्रसाद म्हणाला, "काका, अगदी काकूंसारखे!" मग सगळ्यांनीच म्हटलं. पुढच्या वर्षी म्हटलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. काकांचा चेहरा तेवढ्यापुरता असा काही उजळायचा की बास. मी आपली दुसरा पेढा उचलायची. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

यंदा गोकुळाष्टमीला मी नव्हते. आईच्या खुब्याचं ऑपरेशन होतं, त्यासाठी पुण्यात अडकले होते. परत आले ती सप्टेंबर संपताना. आल्या आल्या फ्रीझर आवरायला घेतला, कारण माझ्यामागे नवरा आणि मुलगी फ्रीझरचं काय करून ठेवतात ते सांगण्यासारखं नाही. मटारच्या पिशव्यांखाली एक छोटा डबा निघाला. आत चार कंदी पेढे. म्हटलं, वा! माझ्यासाठी ठेवलेत, किती दिवसांनी शहाणपण सुचलं. एक तोंडात टाकला.

"आई, डोंट ईट लाह!" इरा ओरडली. "दॅट वन व्हेरी सॉल्टी!"

उशीर झाला होता. अहो, मीठ! चिमूटभर जास्त वगैरे नव्हे, साखरेच्या जागी सरळ मीठ. मी सिंककडे धावले. मागून शेखर, माझा नवरा, शांतपणे म्हणाला, "काकांचा प्रसाद आहे गं. थुंकू नकोस."

"थुंकू नको तर काय करू? समुद्र गिळू? आणि हे काकांना कोणी सांगितलं?"

"प्रसादाला नावं ठेवतात का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

शेखरनं चष्मा पुसायला घेतला. तो चष्मा पुसायला लागला की समजावं. "सगळे म्हणाले ते मीही म्हणालो. छान झालेत."

मी त्याच दिवशी फोन लावले. गुरुप्रसाद म्हणाला, "अहो ताई, पहिला घास घेतला आणि डोळ्यांसमोर अंधारी आली. पण काका समोर उभे, हात पुसत, आमच्या तोंडाकडे बघत. काय बोलणार?" त्याचे पेढे त्याच्याही फ्रीजमध्ये होते. मंडळाची सेक्रेटरी रश्मी, तिनं तर आग्रहाखातर जास्तीचे सहा घेतले होते. ते टाकवेनात म्हणून कॉन्डोच्या बागेत कुंडीत पुरले, तर झाडच जळालं. "गावाकडे असते तर गाईला घातले असते हो," ती म्हणाली. "इथं गाय कुठून आणू?" म्हणजे गवळ्याच्या देवाचा प्रसाद, आणि अख्ख्या सिंगापुरात आमच्या ओळखीची एक गाय नाही! आठ-दहा घरांच्या फ्रीजमध्ये ते पेढे पडून होते. खाताही येईनात, टाकताही येईनात. इतक्या जणांनी त्या माणसाचं मीठ खाल्लं आणि त्या मिठाला एकही जागला नाही.

"आणि अजून एक आहे," रश्मी म्हणाली. तिचा आवाज ऐकूनच मी खाली बसले. काकांनी स्वतःहून फोन करून सांगितलं होतं की तोआ पायोहच्या हॉलमध्ये मंडळाचा दिवाळीचा पाडवा आहे, त्याला गोवर्धनाचा नैवेद्य मी करणार. सगळ्या मंडळाला पुरतील एवढे पेढे. "सगळ्यांना एवढे आवडले ना," असं म्हणाले होते.

"मग तू काय म्हणालीस?"

"हो म्हटलं. नाही कसं म्हणणार? पण मी प्लॅन केलाय. काकांचा डबा आपण आत नेऊन ठेवायचा. ताटात दुकानातून आणलेले पेढे मांडायचे. काकांना कळणारही नाही."

माझं डोकंच फिरलं. देवापुढे ठेवायचा नैवेद्य आणि त्यात अदलाबदल? म्हाताऱ्या माणसाला हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसवायचं, त्याच्या हातात माइक द्यायचा, दुकानातल्या पेढ्यांबद्दल त्याचं कौतुक करायचं, आणि त्याचे पेढे मागच्या दारानं कुठल्या कुंडीत पुरायचे? "खबरदार!" मी म्हटलं. "मी सांगते काकांना."

"त्यांचं मन मोडेल गं," रश्मी म्हणाली. "त्यांना दुसरं आहे काय?"

तेच तर. दुसरं काही नव्हतं. म्हणून तर आमच्या चांगुलपणानं ते मोडीत निघता कामा नये, असं मला वाटत होतं. पण खरं सांगू, हौगांगला निघेपर्यंत मीही दिवस पुढे ढकलत राहिले. उद्या ऑफिस, परवा इराची परीक्षा. शेवटी पाडवा दोन दिवसांवर आला तेव्हा हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून अर्धी रजा टाकली आणि एमआरटी मेट्रोनं थेट हौगांग गाठलं. वाटेत मनात वाक्यं जुळवत होते. 'काका, रागावू नका.' छे. 'काका, त्या दिवशी जरा गडबड झाली होती बहुतेक.' छे, छे.

आठव्या मजल्यावर लिफ्ट उघडली आणि वास आला. दूध करपलं होतं. नुसतं लागलं नव्हतं, चांगलं करपलं होतं. कॉरिडॉरमध्ये शेजारचे चिनी आजोबा नाकाला रुमाल लावून उभे. मला बघून त्यांनी काकांच्या दाराकडे बोट केलं आणि मान हलवली. मला वाटलं, काकांना काही झालंय. धावले. जाळीचा दरवाजा उघडाच होता. आत काका ओट्यापाशी उभे, स्वच्छ धोतर, खांद्यावर पंचा, एका हातात उलथणं. खाली कढईत दूध आटत होतं आणि तळाशी काळं होत होतं. त्याचा धूर सरळ त्यांच्या तोंडावर येत होता. आणि ते आपले शांतपणे ढवळत, गुणगुणत होते.

मी दारात थांबले. माझ्या सगळ्या जुळवलेल्या वाक्यांचं पाणी झालं. कारण मला कळलं.

"काका," मी म्हटलं, "तुम्हाला वास येत नाही?"

त्यांनी वळून बघितलं. दचकले नाहीत. गॅस बंद केला, उलथणं ओट्यावर ठेवलं, आणि म्हणाले, "करपलं का?"

"कोळसा झालाय."

"हं," ते म्हणाले. "ये, बस."

मी काकूंच्या त्याच खुर्चीत बसले, कारण दुसरी नव्हतीच. काका ओट्याला टेकून उभे राहिले. काकू गेल्यावर पुढच्या वर्षी त्यांना तो कोरोनाचा ताप आला होता, एवढं आम्हाला माहीत होतं. ताप गेला. त्याच्याबरोबर वास गेला, चव गेली, ती परत आलीच नाही. पॉलिक्लिनिकमधला डॉक्टर म्हणाला होता, येईल हळूहळू. काका वाट बघत राहिले. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर अदितीच्या कानावर गेलं असतं, आणि तिनं दुसऱ्या दिवशी विमान पकडून ह्यांना उचलून मेलबर्नला नेलं असतं.

"आणि पेढ्याला चव लागतेच कुठं?" काका म्हणाले. "सुनेत्राचा नियम. नैवेद्य चाखायचा नाही, वास घ्यायचा नाही. दूध आवाजानं कळतं, खवा हाताला कळतो. मला वाटलं, निभेल. निभलंही की बरीच वर्षं. यंदा वरच्या मजल्यावरून पाणी गळायला लागलं. दुरुस्तीला माणसं आली, त्यांनी ओट्यावरचे डबे हलवले. दोन्ही स्टीलचे, दोन्ही सारखे."

मी ताडकन उभी राहिले. "म्हणजे तुम्हाला माहीत आहे? मिठाचं?"

"अगं, सगळ्यांनी पाणी मागितलं!" काका म्हणाले. "गुरुप्रसाद तर आत येऊन नळाला तोंड लावून प्याला. एका पंपाचा आवाज बदलला तर माणूस दुर्लक्ष करतो. सगळ्यांचा एकदम बदलला तर बिघाड आहे म्हणून समजायचं. मंडळी गेल्यावर मी दोन्ही डबे उघडले. जिभेवर ठेवून बघितलं, इकडचं, तिकडचं. दोन्ही सारखंच. मग तवा तापवला आणि दोन्हीतलं थोडं थोडं टाकलं. एक जळून काळं झालं. दुसरं तसंच पांढरं. ज्यातलं मी पेढ्यात घातलं होतं, ते पांढरं राहिलं."

मला त्या तव्यासमोर उभा राहिलेला माणूस दिसला. घरात बायको असती तर त्यानं नुसतं विचारलं असतं, अगं, ह्यातली साखर कुठली?

"मग पाडव्याचं कशाला अंगावर घेतलंत?" मी म्हटलं. "एवढ्या माणसांचे पेढे? कळत असून?"

काकांनी धूर जावा म्हणून खिडकी सताड उघडली. खाली शाळेची मुलं बसमधून उतरत होती.

"वाटलं, आता तरी कोणी येईल," ते म्हणाले. "म्हणेल, म्हाताऱ्या, गेल्या वेळी मीठ घातलं होतंस, आता पुन्हा कसला करतोस? मी रोज वाट बघायचो. रश्मीला फोन केला, म्हणाली छान, छान, नक्की करा. गुरुप्रसाद म्हणाला छान. शेखर भेटला होता मार्केटमध्ये, तोही म्हणाला. सुनेत्रा असती ना, तर पहिला घास तोंडात गेल्याबरोबर पाहुण्यांसमोर ओरडली असती, अहो, डोकं ठिकाणावर आहे का? ती गेल्यापासून मला कोणी ओरडलेलं नाही, संजीवनी. सगळे छान बोलतात."

एवढं ऐकल्यावर मी काय केलं असेल? मी ओरडले. अगदी मनापासून ओरडले. "डोकं ठिकाणावर आहे का काका तुमचं? वास येत नाही आणि गॅसपाशी उभे राहता? उद्या गॅस गळला तर? शेजारच्या आजोबांना नाकाला रुमाल लावायची वेळ आली! आणि ही कढई, ही आता घासणार कोण? काकूंची कढई आहे ती!" डोळ्यांत पाणी आणि तोंडानं शिव्या, असं माझं चाललं होतं. काका ऐकत होते. मध्येच म्हणाले, "घासतो की." त्यांच्या चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांत न पाहिलेलं हसू होतं.

मग आम्ही दोघांनी मिळून ती कढई घासली. घासता घासता काकांनी मला त्यांच्या डोंगरावरची गोष्ट सांगितली. गोकुळाष्टमीला घरी आईचे पेढे असायचेच. पण गुरं राखणारी पोरं सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या कातळी माळावर, आपली वेगळी गोकुळाष्टमी करायची. तीन दगडांची चूल, पत्र्याचा डबा, आणि ज्याच्या त्याच्या गाईचं दूध. प्रत्येकानं आपला पेढा वळायचा. जांभळीखाली एक काळा दगड होता, तो त्यांचा कृष्ण. पण देवाला देण्याआधी प्रत्येकाचा पेढा सगळ्यांनी चावून बघायचा. कोणाचा कच्चा, कोणाचा करपका, कोणाच्या पेढ्यात काटकी. ज्याचा वाईट त्याला यथेच्छ शिव्या. आणि ज्याचा चांगला, त्याचा तो उष्टा, दातांचे व्रण असलेला पेढा दगडासमोर.

"उष्टा? देवाला?" मी म्हटलं. माझ्यातली पुण्याची सोवळी बाई जागी झालीच.

"मग? आमचंच पोरगं ते. आपल्या पोराला न चाखता देतो का आपण? गरम आहे का, तिखट आहे का, बघतोच ना? तो गवळ्यांच्या पोरांत बसून त्यांच्या हातातलं खाणारा. त्याला बिनउष्टं कोण देणार होतं?" काकांनी कढई पालथी घातली. "सुनेत्राला मी हे सांगितलं होतं लग्नानंतर. ती दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. मग मी तिचं ऐकलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ऐकलं."

काकांनी फ्रीजमधून नवीन दूध काढलं. मी आधी रश्मीला फोन लावला. "दुकानातले पेढे आणू नकोस," मी म्हटलं. "काका करतायत, मी शेजारी उभी आहे. आणि पाडव्याला देवाच्या आधी सगळ्यांनी चाखायचं आहे, चाखून खरं काय ते काकांना तोंडावर सांगायचं आहे. ज्याला जमणार नाही त्यानं घरी बसावं." ती काहीतरी बोलत होती. मी फोन ठेवला.

दूध आटायला दुपार गेली. मी नाक, काका हात. "आता वास कसला येतोय?" ते विचारायचे. "दुधाचा." थोड्या वेळानं पुन्हा, "आता?" "आता साय भाजल्याचा." "लागलं नाही ना?" "नाही. पण आच कमी करा." त्यांनी निमूट आच कमी केली. खवा झाला, भाजला, तांबूस रंग आला. साखर मी घातली, आधी जिभेवर ठेवून. वेलदोडा कुटला. काकांनी परातीत पेढे वळायला घेतले, एकेक तळहातावर फिरवून मधोमध अंगठा दाबत. पहिला झाला तो माझ्यापुढे धरला.

"चाख."

हात पुढे होईना. पाळण्यापाशी काकूंचा फोटो होता आणि त्या माझ्याकडेच बघताहेत असं वाटत होतं. पण मी घेतला आणि अर्धा चावला. काका माझ्या तोंडाकडे बघत होते.

"साखर अजून थोडी हवी," मी म्हटलं. "खवा चांगला झालाय. करपका नाही."

त्यांनी मान डोलावली. परातीत साखर घातली, पुन्हा मळलं, नवा पेढा वळला. ह्या वेळी त्यांनी तो मला दिला नाही. स्वतःच्या तोंडाशी नेला आणि दातांनी अर्धा तोडला. चावत राहिले. माती चावावी तसा चेहरा, काहीच हलेना.

"सांग," ते म्हणाले. "काय लागतंय?"

मी परातीतलाच एक तुकडा तोंडात टाकला. "आधी खरपूस," मी म्हटलं. "मग गोड. बरोबर गोड. थोडा दाणेदार आहे. वेलदोडा लगेच लागतोय."

"आणि?"

"आणि काय?"

"सगळे म्हणायचे, अगदी सुनेत्रासारखे," काका म्हणाले. "यंदा मिठाच्या पेढ्यालाही म्हणाले. त्यामुळे आता मला कळत नाही, आधीचं खरं की खोटं. तू कधीच म्हणाली नाहीस. तू दुसरा पेढा उचलायचीस, माझ्या लक्षात आहे. म्हणून तुला विचारतो. ह्यात सुनेत्रा आहे का?"

आयुष्यात पहिल्यांदा मला खोटं बोलावंसं वाटलं. एक 'हो' तर म्हणायचं होतं. त्यांना जन्मात कळलं नसतं, चव त्यांना नव्हतीच. पण हा माणूस दोन महिने खरं बोलणाऱ्याची वाट बघत ह्या घरात एकटा बसला होता.

"नाही, काका," मी म्हटलं. "काकूंचा पेढा चावावा लागायचा नाही. वेलदोडा मागून यायचा. हे चांगले आहेत. पण ते नाहीत."

"आणि आधीचे? पहिल्या वर्षीचे?"

"तेही नव्हते."

काका चावायचे थांबले. मग तो घास त्यांनी सावकाश गिळला.

"मला वाटायचं, मला चव कळत नसली तरी तुम्हाला कळते ना," ते म्हणाले. "तुम्ही सगळे येता, खाता, म्हणजे वर्षातून एकदा तुमच्या तोंडात का होईना, ती घरी येऊन जाते. मला तेवढं पुरायचं." त्यांनी हातातल्या अर्ध्या पेढ्याकडे बघितलं. "म्हणजे गेलीच म्हणायची."

मला रडू आवरेना. त्यांनी मला गप्प केलं नाही, पाणीही विचारलं नाही. पंच्याला हात पुसले, पाळण्यापाशी गेले, काकूंच्या फोटोशेजारच्या बाळकृष्णासमोर तो उष्टा अर्धा पेढा ठेवला. "खा," म्हणाले. "संजीवनीनं बघितलाय. मीठ नाही." आणि तिथंच, पाठ माझ्याकडे करून, बसून राहिले.

मी गॅसचं बटण बंद आहे ना ते एकदा बघितलं, आणि उरलेले पेढे वळायला घेतले.